मामांची ब्लुमेनाऊची खोली

परक्या गावात सस्तात कसं ऱ्हावं, हे आमच्या मामांइतकं कळनारा मानूस आख्ख्या मोगलाईत दुसरा नव्हता, आन् मामा जल्मात कवा परक्या गावात ऱ्हायले नव्हते. मामा म्हंजी माज्या नवऱ्याचे मामा. निजामाचं राज व्हतं तवा. आष्टीच्या भाईर, नगरच्या वाटंला सरकारी मुसाफिरखाना व्हता. चार खोल्या, मधी आंगन, कडंला आड. त्याची राखन मामांकडं. वाटसरू यायचे, वट्ट्यावर गाठुडं टेकवायचे, मामा कमरंची किल्ली काढून खोली उघडून द्यायचे. तीस वर्सं दुसऱ्याला खोल्या दिल्या, पन सवता कुनाला खोली मागायची पाळी आली न्हाई. किल्ल्या सोडून जानार कुठं? आमच्या लग्नाला आलते, ते बी अक्षता टाकून जेवायच्या आधीच माघारी फिरले. का, तर तीन नंबरात येक गुजर उतरलाय, त्यो दुपारच्याला आंगुळीला पानी मागंल. मांडवातली मानसं हसली. मला नव्या नवरीला बी हसू आलतं, पन नाकातली नथ सावरायच्या नादात ते दडलं.

असा मानूस जाऊन जाऊन कुठं जायचं ठरवील? कुनी तुळजापूर म्हनंल, कुनी काशी म्हनंल. मामांनी ठरवलं ब्राझील.

त्याचं कारन असं झालं. मी हितं यायच्या लई आधी, कापसाच्या कारखान्यात यंत्र बसवायला निघालेला येक जर्मन मिस्त्री बैलगाडीनं चाललता. मुसाफिरखान्याच्या म्होरंच गाडीचा आस मोडला. सुतारानं नवा आस घडवून देईपत्तर दोन दिस गेले. त्यो मिस्त्री लई सालं हिकडंच ऱ्हायलेला, आपल्यासारखा दख्खनी बोलायचा. त्याची थोरली बहीन समुंदराच्या पार ब्राझील मुलखात नांदत व्हती, ब्लुमेनाऊ नावाच्या शहरात. मुलूख ब्राझीलचा, पन त्या शहरात वस्ती समदी जर्मनांची. बोली जर्मन, घरं जर्मन, सनवार जर्मन. आन् ती बहीन तिथं काय करती? तर मुसाफिरखानाच चालवती. मामांनी हे ऐकलं आन् त्यांच्या हातातली बादली आडातच ऱ्हायली. आपल्यासारखं काम करनारं मानूस दुनियेत दुसरं कुठं असंल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मिस्त्रीनं कोळसा घेतला आन् येक नंबरच्या खोलीतल्या भिताडावर चित्र काढलं. ही नदी, हा पूल, हे बहिनीचं घर. घराच्या भिंतीत लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, वर उतरतं छप्पर, आन् छपराच्या पोटात येक बारकी खिडकी. खिडकीवर बोट ठेवून म्हनला, "वो उप्परवाला कमरा सबसे सस्ता. मेरा नाम बोलना, कभी ना नहीं बोलेगी." मंग आस बसला आन् गाडी गेली.

पुढं मोठी लढाई लागली, तवा जर्मन लोकास्नी सरकारनं धरून न्हेलं म्हनं. मिस्त्री परत आला न्हाई. मामा म्हनायचे, "त्यो गेला. पन खोली तर हाय ना?"

मी त्या मिस्त्रीला बगितलं न्हाई, पन मामांच्या त्वांडून ऐकून ऐकून त्याच्या बहिनीच्या घराच्या पायऱ्या मला ठाव्या हायेत. बारा. धाव्वी करकरती.

मी हितं आले ती मानमोडीच्या साथीत. घरचा धनी आठ दिसात गेला, त्याच्या मागं सासू गेली. दिरानं दार लावून घेतलं. तीन वर्साची लेक काखंत घिऊन मी आष्टीला चालत आले. मामा दारातच उभे व्हते. त्यांनी माज्याकडं बगितलं, लेकीकडं बगितलं, कावून आलीस म्हनून इच्यारलं न्हाई. किल्ली काढली, चार नंबर उघडला आन् म्हनले, "ह्या खोलीत वारा चांगला येतो. खाटंचं येक दावं सैल हाय, त्या अंगाला लेकराला निजवू नको." दुसऱ्या दिशी मी वाटसरूंसाठी चूल पेटवली, त्याच्यावरच आमचं पोट चाललं. रडायचं ऱ्हाऊनच गेलं.

मामांची तयारी मंग मी रोज बगायला लागले. मिस्त्रीनं सांगून ठिवलं व्हतं की आपल्या हिकडं ऊन तापतं तवा तिकडं थंडी पडती. मामांनी इच्यार केला, पाव्हन्यानं यजमानाच्या हवंत बसलं पायजे. म्हनून वैशाखात, आडाचं पानी बुडाला गेलेलं, कुत्री सावली हुडकत्यात, आन् मामा आंगनात घोंगडी पांघरून बसलेले. कपाळावरनं घाम गळतोय. सुतार वाटंनं जाताना हटकून थांबायचा.

"काय मामा, बरफ पडलं का?"

"आजून न्हाई. पन पडंल तवा तू उघडा मरशील बे," मामा म्हनायचे.

वरची खोली छपराखाली, म्हंजी वर ठेंगनी असनार. डोकं आपटलं तर परक्या घरात शोभा व्हती. म्हनून मामांनी येक नंबरच्या खोलीत भिवईच्या उंचीला आडवं दावं बांधलं आन् वाकून चालायची सवय लावली. येक डाव दावं सोडायचं इसरले. वाटसरू व्यापारी आत गेला, त्याचं पागोटं दाव्यात अडकून मागंच लोंबत ऱ्हायलं, आन् त्यो बोडक्या डोक्यानं खाटंवर जाऊन बसला. त्यो चिडला, तर मामाच त्याला म्हनले, "शेटजी, तुमी ब्लुमेनाऊला टिकनार न्हाई."

जो वाटसरू यील त्याला हेच इच्यारायचे. कुठं उतरला व्हता? खाट कशी? ढेकनं? पानी कोन आनून देतं, का आपन काढायचं? मानूस देवदर्शन करून आलेला असायचा, त्याला देवाचं सांगायची हौस, आन् मामा त्याला धर्मशाळेच्या रांजनाचं इच्यारायचे. त्यांचं म्हननं असं की खोली बगायला गेलं तर मालकाच्या त्वांडाकडं बगू नये, रांजनाच्या बुडाकडं बगावं. त्वांड पाव्हन्यासाठी धुतलेलं असतं, रांजनाचं बूड कुनासाठी धूत न्हाईत. जो धुतो त्याच्याकडं डोळं झाकून निजावं. खिडकीच्या खोलीचे जास्ती मागत असतील तर म्हनावं, आमी खिडकी लावून घिऊ. सस्ती खोली वाईट नसती, म्हनायचे. निजल्यावर खालनं मालकाच्या घरातली भांडनं ऐकू येत्यात, तेवढंच.

गमतीचं म्हनून सांगते, पन मला त्यात गंमत वाटत नव्हती. मामा ज्या दिशी खरंच जातील, त्या दिशी तहसीलवाले किल्ल्या दुसऱ्या कुना गड्याला देनार. त्यो त्याची बायकापोरं आननार, आन् चार नंबर खाली करून मी लेकीला घिऊन पुन्ना वाटंला लागनार. दिराचं दार मला ठावं व्हतं. त्यामुळं मामा ब्लुमेनाऊचं नाव काढायचे तसा माजा जीव आत वढायचा. मी त्वांडानं कवा "जाऊ नका" म्हनले न्हाई. कोन मी म्हननारी? पन दुसरंच करायचे. भाकरी थापता थापता इच्यारायचे, "मामा, तिकडं चुलीला शेन्या मिळत्यात का वो?" मामांचा हात थांबायचा. दोन दिस तेच डोक्यात. आसंच कवा जवारीचं इच्यारायचे, कवा तमाखूचं इच्यारायचे. मामा सरळ मानूस, प्रत्येक गोष्टीवर इच्यार करत बसायचे, तेवढे माजे दिस निघायचे.

त्यात त्यांनी मलाच त्या मिस्त्रीची बहीन केलं. खोली मागायची तालीम पायजे म्हनून. मामा गाठुडं घिऊन दाराभाईर जायचे आन् मी आत वट्ट्यावर.

"बाई, सस्तातली खोली हाय का?"

"न्हाई."

"वरची?"

"वरची बी न्हाई."

"अवो, तुमच्या भावानं धाडलंय मला!"

"मला भाऊच न्हाई."

मामा गाठुडं खाली आपटायचे. "सूनबाई, ती बाई आसं बोलनार न्हाई! कवा ना म्हननार न्हाई आसं त्यो म्हनलाय. तू नीट बोल की!"

"मामा, बाईमानसाचा काय भरवसा. येकटी ऱ्हाती, घाबरली म्हंजी?"

त्यावर मामा माज्याकडं थोडा येळ बगायचे आन् गाठुडं सोडायला लागायचे. मला वाटायचं, जिंकले. वर्सानुवर्सं खोली मागितली, वर्सानुवर्सं मी न्हाई म्हनले.

दर वर्सी चैत्रात मामा मुसाफिरखान्याची वही दाखवायला तहसीलात जायचे. धुतलेलं पागोटं, नव्या वहाना. सांजच्याला माघारी यायचे, पाय धुवायचे आन् त्या दिशी हटकून त्यांना ब्लुमेनाऊत कायतरी खोट सापडायची. येका वर्सी म्हनले, "त्या नदीला पूर येतो गं. घरात पानी शिरतं म्हनं. औंदा नको." आमच्या नदीत तवा पोरं गोट्या खेळत व्हती. दुसऱ्या वर्सी म्हनले, "नुसता पाव खाऊन दिस काढायचे म्हंजी वंगाळच. औंदा नको." येका वर्सी, ती बहीन म्हातारी झाली असंल, तिला पायऱ्या चढायला लावनं बरं न्हाई. येका वर्सी तर म्हनले, "तिथं समदे बूट घालून खोलीत येत्यात." आन् आसं तोंड केलं की जसं काय कुनी आपल्याच चुलीवर पाय दिलाय. मी त्या दिशी त्यांच्या भाकरीवर लोन्याचा जरा मोठा गोळा ठिवायचे. येक वर्स सुटले, म्हनायचे मनात.

आशी बारा वर्सं गेली. लेक उजवली, तिच्या घरी गेली. नगरला मोटार चालू झाली, तसे वाटसरू कमी झाले. दिस न् दिस खोल्या रिकाम्या. मामांच्या येका डोळ्यात फूल पडलं, गुडघे धरले. आन् येक दिस तहसीलाचा म्हातारा चपराशी उन्हातानाचा कागद घिऊन आला. मामा आडावर व्हते. मी पानी दिलं.

"बाई, तोंड गोड करा," चपराशी म्हनला. "तुमच्या नावाचा हुकूम हाय. आजपासून मुसाफिरखाना तुमच्याकडं."

मला काई उमजंना. "माज्याकडं? कावून?"

"कावून काय! म्हाताऱ्यानं बारा साल सायबाचं डोस्कं खाल्लं. दर चैत्राला दरखास्त घिऊन हजर. म्हनायचा, माज्या भाचेसुनेच्या नावानं करा, तिला हितनं कुनी उठवायचं न्हाई, मंग मी मोकळा, मला परदेशाला जायचंय. सायेब म्हनायचे, औरत के नाम पे? नामंजूर! आन् हा खाली मान घालून जायचा. पुढल्या साली पुन्ना हजर. आता हितं काळं कुत्रं उतरंना, तवा नवा सायेब म्हनला, दे दो औरत को."

त्यानं पानी पिलं, कागद माज्या हातात दिला आन् गेला. मला वाचता येत न्हाई. कागद उलटा धरलाय का सुलटा ते बी कळत नव्हतं. तरी मी त्याच्याकडंच बगत ऱ्हायले. नदीचा पूर, पाव, बूट. बारा डाव नामंजूर होऊन आलेला मानूस दारात पाय धूत व्हता, आन् मी त्याला शेन्यांचं इच्यारत व्हते. लोन्याचा गोळा ठिवत व्हते, येक वर्स सुटले म्हनून.

मामा आडावरनं आले. मी कागद म्होरं धरला आन् म्हनले, "मामा, आता जावा."

"आला का?" येवढंच बोलले. वट्ट्यावर बसले. किल्ल्यांचा जुडगा कमरंचा सोडायला त्यांना लई येळ लागला, गाठ जुनी झालती. मी मदत केली न्हाई. मंग जुडगा माज्या हातात दिला आन् म्हनले, "तीन नंबरची अडती. उलटी लावून सुलटी फिरवायची."

"मामा, मला हे आधी ठावं असतं तर..."

"त्या ब्लुमेनाऊच्या बाईला बी," मामा मधीच म्हनले, "कुनीतरी आधी किल्ल्या दिल्याच असतील की." आन् उठून तोंड धुवायला गेले.

जायचं कुठं आता? डोळा येक, गुडघे दोन्ही गेलेले. मोटारीच्या टपावर बी चढता आलं नसतं, जहाजाचं तर सोडाच. पन मामा रिकामे झाले व्हते, आन् रिकामा मानूस ऱ्हानार कसा? दुसऱ्या दिशी सकाळी मी झाडून काढत व्हते, तर दारात मामा. खांद्यावर गाठुडं, अंगावर घोंगडी.

"बाई, सस्तातली खोली हाय का?"

मी झाडू खाली ठिवला. "हाय," म्हनले. "वरचीच देते."

मी त्यांना येक नंबर उघडून दिला. कोळशाच्या चित्राची खोली. मामा वाकून आत शिरले. दावं तर कवाच सोडलं व्हतं.

तवापासून आमच्या मुसाफिरखान्यात येकच कायम मुसाफिर. आन् काय मुसाफिर! तीस वर्सं जे वाटसरूंचं ऐकून घेतलं, ते समदं माज्यावर काढलं. पानी कोमट हाय. खाट पूर्वंकडं करा. "मालकीनबाई, रांजनाचं बूड बगितलं का?" मी रांजन पालथा करून दाखवायचे. त्यांचं समाधान व्हायचं, म्हनायचे, "घर चांगलं हाय. सांगू मी चार जनास्नी."

सरकारी मुसाफिरखान्याचा येक कायदा व्हता. तीन दिस ऱ्हावा, चवथ्या दिशी जागा खाली करा. मामांनी ह्यो कायदा कुनाला मोडू दिला नव्हता, मंग सवता कसे मोडतील? चवथा दिस उजाडला की गाठुडं बांधायचे, मला रामराम करायचे आन् वाटंच्या पलीकडल्या लिंबाखाली जाऊन बसायचे. दुपारपत्तर तिथं. सुतार इच्यारायचा, "मामा, कुठनं येनं झालं?" मामा म्हनायचे, "लई लांबनं." भाकरीची येळ झाली की उठून दारात यायचे आन् पुन्ना खोली मागायचे. मी पुन्ना द्यायचे. आसं दोन पावसाळं चाललं.

मंग मामा खाटंला खिळले. लिंबापत्तर जानं ऱ्हायलं, उठून बसनं बी व्हईना. आठ-धा दिस झाले. त्यांचा निम्मा जीव त्या कायद्यात अडकलेला. सारखं इच्यारायचे, "कितवा दिस गं?" मी म्हनायचे, दुसरा. पन मामा खुळे नव्हते.

त्याच दिसात तहसीलाचा नवा गिरदावर तपासनीला आला. घोड्यावरनं उतरला, वट्ट्यावर बसला, वही मागितली. वहीत मी शिकलेल्या वाटसरूकडनं लिहून घ्यायचे, आन् शिकलेला वाटसरू महिन्यात कुनी आला नव्हता. गिरदावरानं पानं उलटली, कपाळाला आठ्या घातल्या. म्हनला, "बाई, तक्रार हाय. हितं येक मानूस कायमचा पडून असतो म्हनं. खरं निघालं तर किल्ल्या जमा कराव्या लागतील." आन् बोट येक नंबराकडं केलं. "त्यात कोन हाय?"

मी दारात उभी व्हते. किल्ल्या कमरंला व्हत्या. घरातनं निघून आले त्या दिवशीचं ऊन मला आठवलं, काखंत लेकरू. आता काखंत लेकरू नव्हतं, खाटंवर मामा व्हते.

"मुसाफिर हाय, सायेब," मी म्हनले.

"कवा आलाय?"

"आज सकाळी."

गिरदावर उठून दारात गेला. आत बगितलं. भर उन्हाळ्यात घोंगडीत गुंडाळलेला म्हातारा, उशाशी गाठुडं, भिताडावर कोळशाची नदी. "हा? कुठं निघालाय हा?"

"ब्राझीलला. ब्लुमेनाऊला."

"काय?"

"समुंदराच्या पार हाय, सायेब. जर्मन लोकांचं शहर. तिथं वरच्या मजल्याला खोली ठरलीया त्यांची, सस्तातली. बारा पायऱ्या हायेत."

त्यो माज्याकडं बगत ऱ्हायला. मी डोळं खाली केले न्हाईत. जल्मात सरकारला पयल्यांदा खोटं बोलले, पन त्यातलं खोटं कोनतं आन् खरं कोनतं, हे माजं मला बी नीट सांगता आलं नसतं. गिरदावरानं टाक काढला. मुसाफिर येक, आज सकाळी आला, जानार ब्राझील, आसं वहीत लिवलं, लिवलेलं मला वाचून दाखवलं, आन् पानी पिऊन घोड्यावर बसून गेला.

मी आत आले. मामांचा चांगला डोळा उघडा व्हता.

"सूनबाई, मी आजच आलो का गं?"

"व्हय मामा. आजच."

मामांनी घोंगडीतनं हात भाईर काढून बोटं मोजली.

"म्हंजी अजून तीन दिस हायेत."

"हायेत की," मी म्हनले, आन् आंगुळीचं पानी तापवायला गेले.